पेट्रोलला ऊन लागतं!

गॅरेजमध्ये कुठलीही गाडी उघडून परत जुळवली की दोन-तीन नट-बोल्ट उरतातच. ते कुठले, हे कोणी विचारत नाही. गाडी सुरू झाली ना, मग झालं! आमच्या शेडमध्ये अशा उरलेल्या नट-बोल्टांचा एक तुपाचा डबा आहे. किश्श्यांचंही तसंच होतं. काय बदललं, काय बसवलं ते जॉबकार्डवर लिहिलं जातं आणि जे लिहिता येत नाही ते आपल्याकडे उरतं. एका उन्हाळ्यात माझ्याकडे इतकं उरलंय की आता झाकण लागत नाही.

आधी आमचं काम सांगते. आमची शेड धायरीत आहे. साध्या दिसणाऱ्या गाड्या इथे येतात आणि जास्त ताकद घेऊन बाहेर पडतात. काही जण त्या रेसला नेतात, बाकीचे ऑफिसला. माझ्याकडे त्यातला एकच कोपरा आहे: गाडीतलं पेट्रोल थंड ठेवायचं. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत! भर उन्हात, भर ट्रॅफिकमध्ये इंजिनच्या धगीनं पेट्रोल इतकं तापतं की त्यात बुडबुडे होतात. पंप बनवलेला असतो पेट्रोल ढकलायला, त्याला बुडबुडे ढकलता येत नाहीत. मग गाडी दोन आचके देते आणि बंद पडते. अर्ध्या तासानं सगळं निवलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. त्यामुळे मालकाचं कोणी खरंही मानत नाही.

मी चार वर्षं जर्मनीत हेच शिकले. तिथल्या पुस्तकात चाळीस अंशांचा उन्हाळा शेवटच्या धड्यात येतो, 'अपवादात्मक परिस्थिती' या मथळ्याखाली. आपल्याकडे त्याला एप्रिल म्हणतात! आपण सगळे ज्या पुस्तकात अपवाद आहोत, ते पुस्तक कोणीतरी पहिल्या धड्यापासून पुन्हा लिहायला हवं, असं मला तिथे रोज वाटायचं. म्हणून परत आले. घरचे अजून विचारतात, "नक्की ना?" नक्की!

*

शेडचे मालक नाना. वय साठीच्या पुढे, पांढरा पायजमा, कॉलरखाली रुमाल. शेड आहे तिथे पूर्वी त्यांचं कांद्याचं वावर होतं. तरुणपणी ते बैलगाडा शर्यतीत बैल पळवायचे. आता गाड्या पळवतात. "शर्यत तीच हाय," ते म्हणतात, "शेणाच्या जागी ऑइल आलं येवढंच."

त्यांच्याकडे काम मागायला मी लॅपटॉप घेऊन गेले होते. पेट्रोल कसं तापतं, याचे तेवीस आलेख. मोठा पंप बसवलेल्या गाडीत काय होतं, तर पंप सारखा पूर्ण जोरात चालतो, गरजेपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल इंजिनपाशी नेतो आणि उरलेलं गरम होऊन परत टाकीत येतं. फेरीमागून फेरी. टाकीच तापत जाते. मी अर्धा तास बोलले. नानांनी मधे एकदाही अडवलं नाही.

मी थांबल्यावर म्हणाले, "चहा उतू जायला लागला तर तू काय करती?"

"गॅस बारीक करते."

"मग कर की! येवढी चित्रं कशाला काढली?"

दुसऱ्या दिवसापासून मी कामावर. पुढे दोन महिने खपून मी एक सर्किट तयार केलं. गाडी ट्रॅफिकमध्ये रेंगाळायला लागली की ते पंपाचा वेग आपोआप कमी करतं. त्याची चाचणी यशस्वी झाली त्या दिवशी मी नाचतच नानांना सांगायला गेले. त्यांनी सर्किट हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

"बारीक केला का गॅस?" म्हणाले. "उशीर लागला."

*

आमचे मुख्य मेकॅनिक देवानंदभाऊ. मूळचे यवतमाळकडचे, पुण्यात येऊन बारा वर्षं झाली. पुण्याच्या उन्हाळ्याला ते उन्हाळा मानत नाहीत. एप्रिलमध्ये आम्ही सगळे पंख्यापुढे भांडत असताना ते पत्र्याखाली बसून शांतपणे डबा खातात.

शेडमध्ये दर तासाला किती गरम होतं याची नोंद मला हवी होती. मी भिंतीवर थर्मामीटर लावला, कागदावर तास आखून दिले आणि भाऊंना सांगितलं, "समोर लिहीत चला."

संध्याकाळी कागद बघितला. अकरा वाजता: ठीक. बारा: ठीक. एक: ठीक. दोन: ठीक. तीन वाजता थर्मामीटर बेचाळीसला टेकलेला मी स्वतः पाहिला होता. तीनच्या पुढे लिहिलं होतं: जरा ठीक.

"भाऊ, मग 'गरम' कधी लिहिणार?"

"गरम झालं का लिहीन ना ताई. घाई काहून करता?"

*

आता अनघाताई. ह्या उन्हाळ्याचे बहुतेक किस्से त्यांच्याच लाल गाडीचे आहेत.

अनघाताई हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहेत, राहायला कर्वेनगरला. हाताखाली चौदा माणसं, आणि घरी एक लाल हॅचबॅक, जिची ताकद त्यांनी सहा वर्षं एकेक भाग बदलत दीडपट केली आहे. दुसऱ्या कुणाच्या बायका-नवऱ्यांना अशा वेडाचं कौतुक असतं. इथे त्यांचे मिस्टर प्रसादराव सोबत आले होते ते साक्षीदार म्हणून.

"एप्रिलपासून चार वेळा बंद पडली," अनघाताई म्हणाल्या. "चारही वेळा हिंजवडीत, दुपारी, ट्रॅफिकच्या मधोमध. मागे कंपनीच्या बसेस. सगळे हॉर्न वाजवतात. आणि एक जण तरी खिडकीत वाकून विचारतोच, 'मॅडम, पेट्रोल संपलं का?'"

"चौथ्या वेळी विचारणारा माणूस तोच होता," प्रसादराव म्हणाले. "आता ओळख झाली आहे. दिवाळीला फराळ द्यावा म्हणतो."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. चौथ्या वेळी अनघाताई बॉनेट उघडून रस्त्यात पाऊण तास उभ्या होत्या, बाजूनं बसेस अंगाला घासून जात होत्या, आणि प्रसादराव फोनवरून काहीही करू शकत नव्हते. त्या रात्री दोघांचं ठरलं: ह्या उन्हाळ्यात आणखी एकदा भर रस्त्यात बंद पडली, तर गाडी विकायची. प्रसादरावांच्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यानं घ्यायची तयारीही दाखवली होती.

अनघाताई गाडीच्या छतावर हात ठेवून उभ्या राहिल्या. सहा वर्षं! मला माझे आलेख आठवले आणि मी एकदम बोलून गेले, "नाही बंद पडणार. मी सांगते!"

प्रसादरावांनी माझ्याकडे बघितलं. "आपण किती दिवस आहात इथे?"

"अडीच महिने."

"वा," म्हणाले. "म्हणजे आपला पहिलाच उन्हाळा आहे."

*

गाडी आमच्याकडे राहिली. टाकीत, पाइपवर, पंपापाशी मी तापमान मोजणारे सेन्सर लावले. गाडी रोज दुपारी बाहेर काढायची, सिंहगड रोडच्या गर्दीत नेऊन घुसवायची आणि बंद पडायची वाट बघायची.

पडेचना!

एक दिवस नाही, दोन दिवस नाही. आठवडाभर ती गाडी शहाण्या मुलीसारखी चालली. पेट्रोल तापायचं, पण बुडबुड्यांपर्यंत जायचंच नाही. अनघाताईंचा रोज फोन: "पडली का?" मी रडवेली होऊन सांगायची, "नाही हो!" गाडी बंद पडत नाही म्हणून रडणारी मेकॅनिक कोणी पाहिली नसेल.

आठव्या दिवशी मी गाडी काढायला नेहमीपेक्षा तासभर लवकर गेले. तर शेडमागे आंब्याच्या झाडाखाली लाल गाडी उभी, तिच्या अंगावर ओली गोणपाटं, आणि नाना बादलीतलं पाणी गाडीखालच्या जमिनीवर शिंपडतायत.

"नाना, हे काय?"

"काय म्हंजी? लांबनं आल्यालं जनावर हाय. उन्हात बांधू का?"

रोज सकाळपासून दुपारपर्यंत ते हेच करत होते! पाहुण्या गाडीला आधी सावली, मग गारवा, मग काम. त्यांचा चाळीस वर्षांचा नियम. आणि मी तीन लाखांचे सेन्सर लावून... जाऊ दे. मी त्या गारेगार गाडीला घेऊन रोज बिघाड शोधायला निघत होते.

मी नानांना हात जोडले. म्हटलं, एक दिवस हिला उन्हात ठेवू द्या. नाना नाराज झाले, पण ठेवू दिलं. दुपारी अडीच वाजता गाडी वडगावच्या पुलाआधी दोन आचके देऊन बंद पडली. मी रस्त्यातच टाळ्या वाजवल्या. मागच्या रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"ताई, बंद पडली म्हणून टाळ्या? मग माझी घ्या की, रोज वाजवा!"

*

बिघाड सापडला, आता उपाय. इंजिनजवळून जाणाऱ्या पाइपला उष्णता लागू नये म्हणून चांदीसारखं चकचकीत आवरण मिळतं. मी ते परदेशातून मागवलं आणि एका रविवारी बसून टाकीकडून जाणारा, टाकीकडे येणारा, झाडून सगळा पाइप त्यात गुंडाळला. इंचभरसुद्धा उघडा ठेवला नाही. इतकं देखणं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. फोटो काढून जर्मनीतल्या मैत्रिणींना पाठवले.

सोमवारी गाडी आधीपेक्षा दहा मिनिटं लवकर बंद पडली.

मी सुन्न. देवानंदभाऊ गाडीखाली सरकले, तळाशी हात लावून आले आणि जमिनीवर मांडी घालून बसले.

"ताई, गोधडीत कोणी निजलं तं गरम होते का थंड?"

"गरम."

"आन् त्यात बर्फ ठेवला तं?"

"बर्फ थंडच राहतो."

"म्हंजे गोधडीला काही समजत नाही. आत जे हाये, ते राखते." त्यांनी बोट दाखवलं. "जाणारं पेट्रोल थंड, त्याले गोधडी दिली, बेस झालं. पण हे तापून वापस येऊन राह्यलं, याले काहून देली? याले तं हवा खाऊ द्या!"

उष्णता वाहून नेण्याच्या पेपरात मला वर्गात सगळ्यात जास्त गुण होते. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

परतीच्या पाइपवरची गोधडी काढली, तिथे पंख्यासकट एक छोटा रेडिएटर बसवला आणि पंपाला माझं सर्किट जोडलं. टाकीखाली गरम सायलेन्सर जातो, तिथे पत्रा लावायचा होता. तोही मी टाकीला चिकटवणार होते. भाऊंनी पुन्हा अडवलं. त्यांच्या गावी टिनाच्या छपराखाली पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा थर टाकतात, पण मधे वीतभर जागा ठेवून. चिकटवलं तर छप्पर आणि खालचा माणूस एकत्रच भाजतो. आम्ही पत्रा दोन बोटं खाली घेतला. आकडे लगेच सुधारले.

"हे कुठल्या कॉलेजात शिकलात भाऊ?"

"छपराखाली."

*

सगळं बसवलं, तरी मनासारखे आकडे येईनात. टाकीतलं पेट्रोल अजूनही फार पटकन तापत होतं. दोन दिवस डोकं फोडून घेतल्यावर मी सहज अनघाताईंना विचारलं, "टाकी किती भरता?"

"पावच्या वर कधीच नाही!" त्या अभिमानानं म्हणाल्या. "इंटरनेटवर वाचलंय मी. पेट्रोल कमी म्हणजे वजन कमी, वजन कमी म्हणजे गाडी पळणार."

वजनापायी त्यांनी मागची चटई काढली होती. डिकीतली छत्री काढली होती. डॅशबोर्डवरचा पितळी गणपतीसुद्धा घरी नेऊन तिथे गणपतीचं स्टिकर लावलं होतं!

आणि इथे सगळं गणित होतं. भरल्या टाकीला तापायला वेळ लागतो. पाव टाकी म्हणजे कपभर चहा, लगेच कढणार. शिवाय पंपही टाकीतच पेट्रोलमध्ये बुडून गार राहतो. पाव टाकीत तो बिचारा अर्धा उघडा! सहा वर्षं ह्या बाई गाडी हलकी करून करून तिला ताप आणत होत्या.

मी हे सगळं समजावून सांगितलं. सोबत आलेले प्रसादराव खुर्चीत जरा पुढे सरकले.

"म्हणजे मी इतकी वर्षं जे म्हणत होतो, की टाकी भरून घे, वाटेत थांबावं लागत नाही..."

"ते वेगळ्या कारणासाठी म्हणत होतास."

"कारण महत्त्वाचं नाही," प्रसादराव म्हणाले. "मी बरोबर होतो हे लिहून घ्या."

*

नानांचा एक नियम मात्र आम्ही जसाच्या तसा घेतला. गाडी जोरात पळवून आणली आणि लगेच बंद केली, तर इंजिनची सगळी धग जागच्या जागी कोंडते आणि पाइपमधलं थांबलेलं पेट्रोल त्यात शिजतं. मग पाच मिनिटांनी परत सुरू करायला गेलं की नन्नाचा पाढा. नाना म्हणतात, "बैल पळवून आणला की दावणीला न्हाय बांधायचा. फिरवायचा. दम निवला की मग बांधायचा." जर्मनीत हेच मी एका सत्रभर शिकले, बैल सोडून.

गाडी घरी नेल्यावर अनघाताईंनी ते मनावर घेतलं. ऑफिसमधून घरी आल्या की लगेच पार्किंगला न जाता, सोसायटीच्या आत गाडी हळूहळू फिरवायच्या. तीन फेऱ्या. दुसऱ्या दिवशी वॉचमननं अदबीनं शिट्टी वाजवून त्यांना त्यांचीच जागा दाखवली. "मॅडम, रिकामीच आहे!" तिसऱ्या दिवशी त्यानं खुर्ची सरकवून आणखी एक जागा दाखवली. चौथ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला.

"आपण घर सोडून देवळात राहायला आला आहात का?"

"नाही हो, का?"

"नाही, प्रदक्षिणा चालल्या आहेत म्हणून विचारलं."

*

आणि आता परीक्षेचा दिवस.

मेचा मध्य. अटी प्रसादरावांच्याच: दुपारी दोन वाजता हिंजवडीतून निघायचं, धायरीच्या शेडपर्यंत यायचं. सकाळपासून गाडी उघड्या पार्किंगमध्ये, सावली नाही, गोणपाट नाही. पोचली तर विषय संपला. बंद पडली तर त्यांचा तो सहकारी संध्याकाळी चेक घेऊन तयार. त्यासाठी प्रसादरावांनी अर्धी रजा टाकली होती. "निकाल प्रत्यक्ष ऐकलेला बरा," म्हणाले.

अनघाताई चालवायला. शेजारी प्रसादराव, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड. मागच्या सीटवर मी, मांडीवर लॅपटॉप. डॅशबोर्डवर आम्ही एक छोटा आकडा बसवला होता: पेट्रोलचं तापमान. मी आधीच सांगून ठेवलं होतं की पंचावन्नपर्यंत काळजी नाही. साठला पंप बुडबुडे गिळायला लागतो. साठ म्हणजे संपलं.

निघालो तेव्हा टाकी भरलेली, आकडा अठ्ठेचाळीस. प्रसादराव फोनवर बातम्या वाचत होते.

पहिल्या चौकातच अडकलो. पुढे बसेस, मागे बसेस, बाजूला बसेस. गाडी दोन हात पुढे जायची आणि थांबायची. एक्कावन्न. त्रेपन्न. पंपाचा वेग कमी झालेला मला ऐकू येत होता, रेडिएटरचा पंखा फिरत होता, पण चहूबाजूंनी बसेसची धग. सगळं आपल्या जागी काम करत होतं आणि तरीही आकडा चढत होता. चोपन्न. अनघाताईंनी आरशात माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. खोटं बोलायला मला कधी जमलं नाही.

छप्पन्नला प्रसादरावांनी फोन खाली घेतला.

"हा चढतोच आहे का?"

"हो."

"आणि साठला?"

"बंद."

त्यांनी फोन खिशात ठेवला. सत्तावन्नला हात पुढे करून एसी बंद केला.

"राहू दे रे, उकडेल," अनघाताई म्हणाल्या.

"मला काही होत नाही," ते म्हणाले. कपाळावरून घाम नाकावर आला होता.

अठ्ठावन्न. आता गाड्या हलतच नव्हत्या. पुढे वळणावर एक कंपनीची बस आणि एक टेम्पो नाकाला नाक लावून उभे होते. दोघंही मागे घेईनात. त्यांच्या पलीकडे रस्ता मोकळा दिसत होता, थेट हायवेपर्यंत!

"हिला आता नक्की काय पाहिजे?" प्रसादरावांनी मागे वळून मला विचारलं.

"वारा. फक्त पळती गाडी आणि वारा. दोन मिनिटं पळाली तरी आकडा खाली येईल."

प्रसादरावांनी सीटबेल्ट काढला, दार उघडलं आणि खाली उतरले.

"अरे, कुठे चाललास?"

त्यांनी मागे बघितलंही नाही. बसेसच्या मधून तो पांढरा शर्ट तरातरा पुढे गेला. काच खाली होती, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"टेम्पो मागे घ्या," प्रसादराव म्हणाले.

टेम्पोवाला उतरला. "का? मागं ॲम्ब्युलन्स हाय का साहेब?"

"त्याहून अवघड आहे. मागे घ्या."

"बसवाल्याला सांगा की! तो घेईल मागं."

"त्याच्या मागे अकरा बसेस आहेत. तुमच्या मागे एक स्कूटर आहे. मी मोजून आलो आहे."

एकोणसाठ.

टेम्पोवाल्यानं मागे वळून खरंच स्कूटर बघितली. काहीतरी पुटपुटला आणि चढला. टेम्पो मागे सरकला. बस पुढे निघाली. मग एक गाडी, दुसरी गाडी, आणि आमच्यासमोर रस्ता उघडला. प्रसादराव मधोमध उभे राहिले, एका हातानं बाजूची रांग थोपवली आणि दुसरा हात वाऱ्यासारखा फिरवायला लागले.

"चल! चल! चल! थांबू नकोस!"

अनघाताईंनी आकड्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. आणि गिअर टाकला.

त्यांच्याजवळून जाताना प्रसादरावांनी दाराकडे हात नेला होता, हे मी पाहिलं. हात पोचायच्या आत दार निघून गेलं. मागच्या काचेतून ते मला बराच वेळ दिसत होते. हात तसाच पुढे.

अठ्ठावन्न. सत्तावन्न. हायवेला लागलो. काचा खाली, वारा आत. पंचावन्न. मी लॅपटॉपवर डोकं टेकून हसत होते की रडत होते, मलाच कळेना. गाडीच्या स्पीकरवर फोन वाजला.

"अनघा. मी राहिलो."

"माहीत आहे."

"मग थांब की!"

"कशी थांबू? आत्ता कुठे चोपन्नवर आलीये!"

पलीकडे हॉर्न वाजत होते.

"बरं," प्रसादराव म्हणाले. "थांबू नकोस."

आम्ही शेडवर पोचलो तेव्हा आकडा पन्नासवर होता. नाना आणि देवानंदभाऊ दारातच उभे होते. आम्ही चहा घेतला, दुसरा घेतला. दीड तासानं एक पाण्याचा टँकर दारात थांबला आणि ड्रायव्हरशेजारून प्रसादराव उतरले. डोक्याला रुमाल, शर्टाची इस्त्री गेलेली, कार्ड पाठीवर उलटं लटकलेलं. नानांनी धावत जाऊन पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"किती?"

"पन्नास," अनघाताई म्हणाल्या.

"सगळ्यात जास्त कुठे गेला?"

"तू उतरलास तिथे."

प्रसादरावांनी मान डोलवली आणि तांब्या तोंडाला लावला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तोच सहकारी. उतावळा माणूस, आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला: "काय मग, पडली ना बंद?"

प्रसादरावांनी पाणी संपवलं, तोंड पुसलं.

"बंद मी पडलो," म्हणाले. "गाडी पोचली."